विधिमंडळाने घेतलेली हमी

मे १९७३ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या हजेरीपटांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर भरली होती. म्हणजे तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत सगळे धरले, तरी दहांतला एक माणूस त्या उन्हाळ्यात सरकारी कामावर खडी फोडत होता, नाहीतर पाझर तलावाच्या भरावावर मातीच्या पाट्या टाकत होता. नगर, सोलापूर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सांगलीचा पूर्व भाग, पुण्याचे पूर्वेकडचे तालुके या पट्ट्यात ओळीने तीन पावसाळे दगा देऊन गेले होते आणि १९७२ चा तर कोरडाच गेला. लागवडीखालच्या जमिनीपैकी जेमतेम आठ-दहा टक्के जमीन ओलिताची होती. बाकीचा सगळा कारभार आभाळावर. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि गावाबाहेरचे खडी केंद्र या तीन गोष्टी त्या पिढीच्या लोकांच्या बोलण्यात आजही येतात.

हा दुष्काळ निभावला, ही अभ्यासकांनी मान्य केलेली गोष्ट आहे. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी भूकबळी टाळण्याचे उदाहरण म्हणून महाराष्ट्राच्या या वर्षांचा दाखला दिला आहे. धान्याचे उत्पादन अतोनात घटले, तरी माणसे मोठ्या संख्येने मेली नाहीत, कारण हातात मजुरीचे पैसे पडत होते आणि त्या पैशावर बाहेरून आलेले धान्य मिळत होते. सरकारने हे सगळे सुखासुखी केले असे मात्र नाही. मजुरांचे मोर्चे निघाले, तहसील कचेऱ्यांना घेराव पडले, इस्लामपुरात शेतकरी कामगार पक्षाच्या मोर्चावर गोळीबार झाला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी मोर्चांतून बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. विधानसभेत काँग्रेसकडे २७० पैकी २०० हून अधिक जागा होत्या, तरी रस्त्यावरचा विरोधी पक्ष मोठा होता.

पण पाऊस पडला की ही कामे बंद होणार, हेही ठरलेलेच होते. दुष्काळी कामे ही ब्रिटिशांपासून चालत आलेली रीत. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली. मजुरांनी ते नाकारले, घोळक्याने कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे दुष्काळ संहिता आल्या. त्यांचा पाया एकच होता. काम इतके कष्टाचे आणि मजुरी इतकी थोडी ठेवायची, की अगदी नाइलाज झालेला माणूसच तिथे येईल. टंचाई जाहीर करायची की नाही ते कलेक्टर ठरवणार, काम कुठे काढायचे ते तोच ठरवणार, बंद कधी करायचे तेही तोच. मजुराने मागायचे नाही. मिळेल ते घ्यायचे. स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षे झाली तरी ही रचना हलली नव्हती.

ती हलवण्याचा विचार दुष्काळाच्या आधीच, आणि तोही मंत्रालयाबाहेर झाला होता, हे या कथेतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. विठ्ठल सखाराम पागे हे सांगली जिल्ह्यातले, स्वातंत्र्यलढ्यातून आलेले गांधीवादी कार्यकर्ते. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीचे आसन म्हणजे मानाची जागा, पण सत्तेची नव्हे. खाते नाही, निधी नाही, हाताखाली अधिकाऱ्यांची फौज नाही. या माणसाने साठच्या दशकाच्या मध्यावर मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या गळी एक हिशेब उतरवला. कोरडवाहू गावात वर्षातले काही महिने माणसाला काम असते आणि काही महिने नसते. त्या मोकळ्या महिन्यांत सरकारने गावाजवळच काम दिले, तर किती पैसा लागेल आणि त्यातून किती बांध, किती ताली, किती तळी उभी राहतील? तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये याचा प्रयोग झाला. त्यानंतर काही निवडक भागांत तो वाढवला गेला आणि १९७२ मध्ये ‘मागेल त्याला काम’ ही राज्याची योजना म्हणून मांडली गेली.

नाईकांना हे पटले याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. १९६५ मध्ये शनिवारवाड्यापुढे त्यांनी सांगितले होते, की दोन वर्षांत महाराष्ट्र धान्यात स्वयंपूर्ण झाला नाही, तर मला फाशी द्या. शेतीत बुडालेला मुख्यमंत्री होता. संकरित ज्वारीचे बी आणून कोरडवाहूचा प्रश्न सुटेल ही त्यांची आशा होती, आणि १९७२ ने त्या आशेवर पाणी फिरवले, किंवा खरे तर पाणी फिरवले नाही म्हणूनच सगळे घडले. ज्या वर्षी योजना जाहीर झाली, त्याच वर्षी तिला दुष्काळाने गिळले. टंचाईची कामे इतकी अफाट निघाली, की वेगळ्या हमी योजनेला जागाच उरली नाही. दुष्काळ ओसरल्यावर १९७४-७५ च्या सुमारास ती पुन्हा उभी राहिली, पण अजून शासन निर्णयाच्या आधारावर. शासन निर्णय म्हणजे सचिवाच्या सहीचा कागद. तो दुसऱ्या सहीने रद्द होतो.

इथून पुढे विधिमंडळाने जे केले, त्याला मी महाराष्ट्राच्या संसदीय इतिहासातले सर्वांत विचारपूर्वक केलेले काम म्हणेन. सभागृहांनी तीन गाठी मारल्या. पहिली पैशाची, दुसरी कायद्याची, तिसरी देखरेखीची.

पैशाची गाठ सर्वांत आधी पडली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सहसा उलटे होते. आधी घोषणा, मग कायदा, मग पैशासाठी अर्थ खात्याच्या दारात उभे राहणे. इथे १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. तेव्हा मुख्यमंत्रिपदी शंकरराव चव्हाण येऊन थोडेच दिवस झाले होते. नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा, वकील-डॉक्टर-व्यापाऱ्याने भरायचा हा कर थेट रोजगार हमीसाठी आणला गेला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने तेव्हा अशा करावर माणशी वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५०० झाली. आजही महाराष्ट्रातल्या बहुतेक पगारदारांच्या पगारपत्रकावर अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात. बेरीज बरोबर २५००. त्या फेब्रुवारीच्या जादा शंभराबद्दल दरवर्षी कार्यालयांत चौकशी होते, पण हा कर कशासाठी सुरू झाला होता हे विचारणारा मला तरी भेटलेला नाही.

व्यवसाय कर हा त्यातला मोठा भाग. जोडीला मोटार वाहनांवरचा कर, विक्रीकरावरची जादा आकारणी, ओलिताच्या जमिनीवरची विशेष आकारणी, जमीन महसुलातली वाढ आणि शहरांतल्या बिगर-निवासी जागांवरचा रोजगार हमी कर असे होते. दुकानाच्या किंवा कार्यालयाच्या मालमत्ता कराच्या बिलावर ‘रोजगार हमी कर’ अशी ओळ दिसते, ती तेव्हाची. या करांतून जितकी रक्कम येईल, तितकीच राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. सगळे मिळून रोजगार हमी निधी. वर्षअखेरीस शिल्लक राहिली तरी ती बुडायची नाही, पुढच्या वर्षी उपयोगी पडायची. दुष्काळी वर्षात खर्च वाढणार आणि चांगल्या वर्षात घटणार, हे ओळखून केलेली ही सोय होती.

याचा नकाशा डोळ्यांपुढे आणला की त्यातले राजकारण दिसते. कर भरणारा मुख्यतः मुंबईतला आणि इतर शहरांतला. काम मिळणारा माण-खटावचा, आष्टी-पाटोद्याचा, सांगोल्याचा. एका राज्याने आपल्या शहराच्या खिशातून आपल्या कोरडवाहू खेड्याकडे पैसा वळवावा आणि त्यासाठी शहरी आमदारांनीही हात वर करावा, हे कसे घडले? १९७२ मध्ये उत्तर त्यांच्या दारात येऊन उभे होते. दुष्काळी भागातून माणसे मुंबई-पुण्याच्या पदपथांवर येत होती. गावाजवळ काम मिळाले तर लोंढा थांबेल, हा शहराचा हिशेब होता. बागायतदार आमदारांचा हिशेब वेगळा. त्यांच्या शेतीचा हंगाम संपल्यावर मजुराला कुणीतरी पोसायचे होते, आणि योजनेतून निघणारे रस्ते, पाझर तलाव, नालाबांध शेवटी जमीनवाल्यांच्याच कामी येणार होते. डाव्या आणि समाजवादी पक्षांना हक्क हवा होता, संघटना बांधायला जागा हवी होती. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला योजनेच्या या वर्गीय बाजूवर सविस्तर लिहिले, आणि ते वाचून इथल्या काही मंडळींना राग आला. मला त्यात रागावण्यासारखे काही दिसत नाही. सगळ्यांचा थोडा थोडा स्वार्थ एका कायद्यात बसवता येणे, यालाच राजकारणातले कौशल्य म्हणतात.

कायद्याची गाठ १९७७ ची. तोवर आणीबाणी येऊन गेली होती, चव्हाण जाऊन वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले होते, काँग्रेसमध्ये फूट पडत होती. अशा अस्थिर काळात महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला. विधान परिषदेत सभापतीच्या आसनावर तेव्हा पागेच होते. राष्ट्रपतींची संमती येऊन कायदा अमलात आला तो २६ जानेवारी १९७९ रोजी. तोपर्यंत पागे सभापती राहिले नव्हते आणि मुख्यमंत्री होते शरद पवार, तेही काँग्रेसबाहेरच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारचे. योजना नाईकांनी आणली, कर चव्हाणांच्या काळात बसला, कायदा वसंतदादांच्या काळात झाला आणि अंमल पवारांनी सुरू केला. चार मुख्यमंत्री, एकमेकांशी फारसे न पटणारे, आणि मधे आणीबाणी. तरी धागा तुटला नाही, कारण तो कुणा एका मुख्यमंत्र्याच्या हातात नव्हता.

कायद्याचा गाभा थोडक्यात सांगता येतो. ग्रामीण महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला अकुशल अंगमेहनतीचे काम मिळण्याचा हक्क आहे. तलाठ्याकडे किंवा ग्रामसेवकाकडे नाव नोंदवायचे, काम मागायचे, आणि मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे. नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. मजुरी आठवड्याला, फार झाले तर पंधरवड्याला हातात पडली पाहिजे. बाई आणि पुरुष यांना दर एकच. कामावर प्यायचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांसाठी पाळणाघर. खर्चातला किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर गेला पाहिजे, म्हणजे ठेकेदार आणि यंत्रे यांना वाव कमी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये कामाचा हक्क हे मार्गदर्शक तत्त्व म्हणून लिहिलेले होते. न्यायालयात मागता न येणारे ते तत्त्व एका राज्याच्या विधिमंडळाने मागता येणारा हक्क केले. देशात असा हा पहिलाच कायदा.

यातली मेख बेकारी भत्त्यात आहे. दिवसाला किमान एक रुपया. रक्कम हास्यास्पद होती, आणि तोही क्वचितच कुणाला मिळाला. पण कलेक्टरच्या दृष्टीने तो रुपया महागाचा होता. भत्ता द्यावा लागला, म्हणजे काम देता आले नाही अशी कागदोपत्री कबुली झाली. म्हणून प्रत्येक तालुक्यात मंजूर कामांचा आराखडा आधीच तयार ठेवावा लागे, आणि मजूर आले की त्यातले एखादे काम सुरू करावे लागे. बांधकाम, पाटबंधारे, मृदसंधारण, वन या खात्यांच्या अभियंत्यांना ही कटकट वाटे. त्यांची खरी कामे ठेक्याची. रोजगार हमी म्हणजे मस्टर, मोजमाप, रोजची वादावादी. कलेक्टरने त्यांना कामाला लावायचे, आणि कलेक्टरला धारेवर धरायला विधिमंडळ. ही साखळी होती.

तिसरी गाठ तिथेच आहे. रोजगार हमी योजनेसाठी विधिमंडळाने दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची स्वतंत्र समिती नेमली. अंदाज समिती, लोकलेखा समिती या जुन्याच. त्या सगळ्या खात्यांकडे आळीपाळीने बघतात. एकाच योजनेवर डोळा ठेवायला विधिमंडळाची कायमची समिती हा प्रकार विरळा. ती जिल्ह्यांत दौरा काढे, कामे पाहत असे, कलेक्टर आणि अभियंत्यांची साक्ष घेई आणि अहवाल सभागृहापुढे ठेवी. तलावाच्या भरावावर मोजपट्टी टाकणारा आमदार आणि समोर मोजमापवही धरून घाम पुसणारा कनिष्ठ अभियंता हे दृश्य जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी केलेल्या जुन्या माणसांना ओळखीचे आहे. शिवाय तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना यांचा मारा होताच. आपल्या मतदारसंघात काम का निघाले नाही हा आमदाराचा प्रश्न स्वार्थीच असतो, पण तोच प्रश्न पंधरा-वीस तालुक्यांतून एकदम आला की त्याची समीक्षा होते.

१९७९-८० मध्ये योजनेतून सुमारे २० कोटी मनुष्यदिवस काम निघाले. दुष्काळ नसलेल्या वर्षीचा हा आकडा आहे. कामावर येणाऱ्यांत बायका निम्म्याच्या जवळपास असत. नियोजन आयोगाच्या मूल्यमापन विभागाने राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाबरोबर पाहणी करून १९८० मध्ये अहवाल काढला. धुळे जिल्ह्यात शहादा भागात श्रमिक संघटनेने, मराठवाड्यात आणि इतरत्र डाव्या कार्यकर्त्यांनी या कामांवरच मजुरांच्या संघटना बांधल्या. ज्या शेतमजुराला मालकाच्या बांधावर आवाज नव्हता, तो सरकारच्या बांधावर मोजमापावरून भांडायला शिकला. कायद्यात न लिहिलेला हा परिणाम मला पाझर तलावांइतकाच मोलाचा वाटतो.

आता दुसरी बाजू. ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ ही म्हण महाराष्ट्राने उगाच केलेली नाही. मस्टरवर खोटी नावे, न झालेल्या कामांची मोजमापे, मजुराच्या अंगठ्याखाली दुसऱ्याच रकमा, हे सगळे झाले. अर्धवट सोडलेले रस्ते पुढच्या पावसात वाहून गेले. देखभालीला पैसा नसल्याने तलाव गाळाने भरले. हजेरी घ्यायला नेमलेले हजेरी सहायक स्वतःच पुढे कायम नोकरीसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. पण भ्रष्टाचाराच्या या गोष्टी सांगताना एक फरक विसरला जातो. दुष्काळी कामांतही चोरी होतीच. तिथे ती पकडायला मजुराकडे हक्क नव्हता आणि आमदाराकडे समिती नव्हती.

योजनेला खरी ओहोटी लागली ती चोरीमुळे नव्हे. तिचा प्राधान्यक्रम बदलला म्हणून लागली, आणि तो सभागृहांच्या डोळ्यांदेखत बदलला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या संजित रॉय खटल्यात सांगितले होते, की दुष्काळी कामावरच्या मजुरालाही किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही. मे १९८८ मध्ये महाराष्ट्राने शेतमजुरीच्या किमान वेतनाबरोबर हमीच्या कामाचे दरही जवळजवळ दुप्पट केले. मजुराला न्याय मिळाला. पण ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर वर्षाला १८-१९ कोटींच्या घरात असलेले मनुष्यदिवस दोनच वर्षांत निम्म्याच्याही खाली आले. दर वाढले तर मागणी वाढायला हवी. काम उलट कमी झाले. मार्टिन रॅव्हालियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये याचा अभ्यास करून दाखवले, की हमी शब्दात राहिली आणि व्यवहारात काम वाटून, अडवून, उशिरा दिले जाऊ लागले. खर्च वाढू नये म्हणून कामेच कमी काढली. कायद्याला हात न लावता कायदा आवळता येतो, हे तेव्हा कळले.

त्याच सुमारास पैसा दुसरीकडे वळू लागला. १९८८ मध्ये जवाहर विहीर योजना आली. १९९० मध्ये पवार पुन्हा मुख्यमंत्री असताना रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आली. अल्पभूधारकाच्या शेतात विहीर आणि बांधावर डाळिंब, बोर, सीताफळ, कोकणात काजू-आंबा, आणि मजुरी हमीच्या निधीतून. पुढच्या दशकात राज्यातले फळबागांचे क्षेत्र अनेक पटींनी वाढले. सांगोल्याचे डाळिंब बाजारात ओळखले जाऊ लागले, ते याच काळात. आर्थिक विकास म्हणून बघितले तर हा हमीच्या निधीचा उत्तम वापर होता; वाया गेलेल्या खडीपेक्षा झाड कधीही चांगले. पण विहीर आणि बाग ज्याच्याकडे जमीन आहे त्यालाच मिळते. योजना सुरू झाली होती भूमिहीनासाठी. आता तिचा मोठा लाभार्थी शेतकरी झाला. कुठल्याही पक्षाच्या आमदाराला याविरुद्ध बोलणे परवडणारे नव्हते, कारण भूमिहीनांची मते विखुरलेली असतात आणि बागायतदार सोसायटीच्या निवडणुकीपासून सोबत असतो.

मग निधीचे काय झाले? कर येत राहिले, वाढत राहिले. काम कमी निघाल्याने शिल्लक साठत गेली, निदान कागदावर. राज्याची तिजोरी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तंगीत आली, तेव्हा हमीच्या नावाने गोळा झालेला पैसा आणि राज्याने घालायचा बरोबरीचा हिस्सा निधीत पूर्ण वळता होत नाही, ही तक्रार लेखापरीक्षणातून वारंवार पुढे आली. १९७५ मध्ये मारलेली पहिली गाठ अशी सैल झाली. ज्या सभागृहांनी ती मारली होती, त्यांनी अर्थसंकल्प मंजूर करताना ती सैल होऊ दिली. मला यात एका पक्षाला दोष देता येत नाही. तेवढ्या वर्षांत सगळेच पक्ष आलटून पालटून सत्तेत होते.

पुढचा भाग देशाला माहीत आहे. डिसेंबर २००४ मध्ये संसदेत राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी विधेयक आले, ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे गेले आणि ऑगस्ट २००५ मध्ये संमत झाले. २ फेब्रुवारी २००६ रोजी आंध्र प्रदेशात अनंतपूर जिल्ह्यातल्या बंडलापल्लीतून २०० जिल्ह्यांसाठी त्याची सुरुवात झाली. चर्चेत महाराष्ट्राचा दाखला सतत होता. पण राष्ट्रीय कायद्याने महाराष्ट्राची हमी जशीच्या तशी उचलली नाही. इथे प्रत्येक प्रौढाला हक्क होता आणि दिवसांची मर्यादा नव्हती. तिथे कुटुंबाला वर्षाला १०० दिवस. उलट जॉब कार्ड, सामाजिक अंकेक्षण, माहिती उघड ठेवण्याची सक्ती या गोष्टी तिथे अधिक पक्क्या होत्या. २००६ मध्ये महाराष्ट्राने आपला कायदा दुरुस्त करून दोहोंची सांगड घातली. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, हमीचा जन्म जिथे झाला ते राज्य राष्ट्रीय योजनेच्या सुरुवातीच्या वर्षांत मागे पडलेल्या राज्यांत होते. कायदा आपला, समिती आपली, तीस वर्षांचा अनुभव आपला, आणि शिकवायच्या जागी आपण शिकाऊ झालो. यंत्रणेला हमीची सवय राहिली नव्हती.

याचे खापर बहुतेक जण दिल्लीच्या नियमांवर किंवा मजूर मिळत नाहीत या सबबीवर फोडतात. मजूर मिळत नाहीत हे बागायती पट्ट्यात खरे असेलही. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला कोयते घेऊन जाणाऱ्या जोड्या पाहिल्यावर ती सबब मला पटत नाही. गावात वेळेवर काम आणि वेळेवर मजुरी असती, तर बीडच्या बायकांना सहा महिने पाचटाच्या खोपटात काढावे लागले नसते. माझे मत असे, की १९७५ ते १९७९ या चार वर्षांत विधिमंडळाने स्वतःला जे काम लावून घेतले होते ते त्याने नंतर सोडले. योजना मंजूर करणे सोपे असते. ती दरवर्षी उघडून बघणे, कुणाला काम मिळाले आणि कुणाला नाही हे विचारणे, पैसा ठरलेल्या जागी गेला का हे तपासणे, आणि नवी लोकप्रिय योजना आली की जुन्या हमीच्या आधी तिला रांगेत उभे करू नये असे आपल्याच मुख्यमंत्र्याला सांगणे, हे अवघड असते. पागे सभापतीच्या आसनावरून ते करू शकले. पुढच्या सभागृहांत तेवढा चिवटपणा दिसला नाही.

रोजगार हमीची समिती आजही विधिमंडळाच्या समित्यांच्या यादीत आहे. व्यवसाय करही चालू आहे. तेव्हा वाचकांनी एवढे करावे. पुढच्या अधिवेशनाच्या आधी आपल्या आमदारांना भेटून किंवा पत्र लिहून विचारावे, की या समितीचा शेवटचा अहवाल सभागृहात कधी ठेवला गेला, त्यावर किती वेळ चर्चा झाली आणि आपल्या तालुक्यात काम मागूनही न मिळालेल्या किती जणांना बेकारी भत्ता दिला गेला.